पेशंटमावशी आणि चुकीची गाठ

"ही बाई जखमी नाही," पेशंटमावशी म्हणाल्या.

क्युरेटरबाई हातातला खोका सांभाळत जवळ आल्या. भिंतीवर संग्रहालयातला सगळ्यांत मोठा फोटो होता. एका तरुण मुलीचं डोकं आणि जबडा पांढऱ्या पट्टीत करकचून बांधलेला, दिसत होते ते फक्त डोळे आणि नाक. चौकटीच्या कडेने दोन हात आत आले होते आणि तिच्या कानाजवळ गाठ मारत होते. खाली पाटी होती : 'पूल दुर्घटनेतील अज्ञात जखमी स्त्री. उपचार करणारे हात : संस्थापक डॉक्टर.'

"जखमी नाही म्हणजे?"

"धडधाकट होती. चहा-बिस्किटं खाऊन बसली होती."

"तुम्ही ओळखता यांना?"

"न ओळखायला काय झालं? मीच आहे ती."

"आई," मावशींची लेक मागून दबक्या आवाजात म्हणाली. येताना बसमध्ये तिने आईकडून वचन घेतलं होतं, की तिथे जाऊन वाद घालायचा नाही. मावशींनी वचन दिलंही होतं, पण ते खिडकीबाहेर बघत दिलं होतं आणि लेकीला तेव्हाच शंका आली होती.

सेवासंघाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त संग्रहालयाने जुन्या कामगारांना बोलावलं होतं, जुन्या फोटोंतले चेहरे ओळखून द्या म्हणून. मावशींनी संघाच्या इस्पितळातल्या धुलाईघरात उभं आयुष्य काढलं होतं, पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या आणि गुंडाळायच्या. त्याआधी, अगदी तरुण असताना, त्या प्रथमोपचाराच्या वर्गात पेशंट होत्या. सराव करायला कुणीतरी लागायचं, आणि या मुलीला तासभर न हलता पडून राहता यायचं. तेव्हापासून अख्खा संघ त्यांना पेशंट म्हणायचा. आता वय झाल्यावर त्यापुढे मावशी लागलं इतकंच.

पण मावशी आज स्वतःचा फोटो शोधायला आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या नवऱ्याला शोधायला. तो संघाच्या अँब्युलन्सवर स्ट्रेचर उचलायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. घरी त्याचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात तो नुकत्याच पकडलेल्या चोरासारखा दिसायचा. इतक्या माणसांना उचलून नेलं, त्या माणसाचा संघाकडे एक तरी धड फोटो असेल, असं मावशींनी मनाशी धरलं होतं.

सकाळपासून त्यांनी तिन्ही खोल्या पालथ्या घातल्या होत्या. डॉक्टरांचा चष्मा होता. डॉक्टरांची छत्री होती. अँब्युलन्सची पितळी घंटा होती, कंदील होते, अध्यक्षांच्या खुर्च्या होत्या. स्ट्रेचर तर फोटोफोटोत होतं, पण उचलणाऱ्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. एका फोटोत तर मानेच्या वर काहीच नव्हतं.

"छत्रीला जागा आहे आणि आमच्या यांना नाही," त्या लेकीला म्हणाल्या होत्या. "स्ट्रेचर काय भुतांनी उचललं?"

आता मात्र त्या फोटोसमोरून हलायला तयार नव्हत्या. क्युरेटरबाईंनी हातातला फोटोंचा खोका टेबलावर ठेवून उघडला. "मग या बघा. या कोण?" बुडालेली बाई. भाजलेली बाई. पाय मोडलेली बाई. झाडावरून पडलेली बाई.

"मी," मावशी म्हणाल्या. "ही पण मीच. हीसुद्धा."

"अहो, मी चार वर्षं या बायकांबद्दल शाळेच्या मुलांना सांगतेय," क्युरेटरबाई खुर्चीवर बसल्या. "मुली रडतात."

"रडू दे की. मायाळू आहेत बिचाऱ्या."

क्युरेटरबाईंना हसू आवरेना. तोंडावर हात धरून त्या बराच वेळ हसल्या. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. "पण मावशी, हात तरी डॉक्टरांचेच आहेत ना? हाच फोटो सोमवारी निमंत्रणपत्रिकेवर छापायचाय. 'संस्थापकांचे सेवाभावी हात' म्हणून. माझ्या आधीच्या सरांनी तसंच लिहून ठेवलंय."

मावशी फोटोच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला. आणि मग हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, "अगं बाई."

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"हे यांचे हात आहेत."

क्युरेटरबाईंचा चेहरा पडला. बाई वाईट नव्हती, पण नुसत्या सांगण्यावरून संस्थापकांचे हात काढून घ्यायचे म्हणजे खायचं काम नव्हतं. "हातांवरून कसं सांगता येईल, मावशी?" त्यांनी नरमाईने विचारलं.

"हातांवरून नाही, गाठीवरून. डॉक्टरांनी अशी गाठ मारली असती, तर स्वतःच स्वतःच्या कानाखाली वाजवली असती. पट्टी आहे का एखादी?"

पट्टी निघाली. पेशंट म्हणून लेकीला बसवलं. "वाद घालायचा नाही असं ठरलं होतं," ती म्हणत होती, तोवर तिचा जबडा बांधून झालासुद्धा. मावशींचे हात भराभर चालत होते.

"उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. ही बघा, सपाट बसली. ही डॉक्टरांची. आता दोन्ही वेळा उजवंच वर घेते. बघा, कशी वाकडी उभी राहिली. ही ओढली की निसटते. आता फोटोत बघा."

क्युरेटरबाईंनी भिंग आणलं. फोटोतली गाठ वाकडी उभी होती.

"पण ती तुमच्या यजमानांचीच कशावरून?" हे विचारताना क्युरेटरबाईंचा आवाज बदलला होता. आता त्यांना ती गाठ यजमानांचीच असायला हवी होती.

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेकीचा जबडा पक्का बांधलेला होता. हीच संधी, असं ठरवून त्या खुर्चीवर टेकल्या.

"त्या दिवशी फोटोवाला आला होता. डॉक्टर स्ट्रेचरवाल्यांना म्हणाले, जबडा बांधा. यांची पाळी आली. पट्टी फिरवली, हनुवटी घट्ट केली, आणि गाठ मारता मारता कानाशी येऊन म्हणतात कसे, 'माझ्याशी लग्न करशील का?' आता मी बोलणार काय? तोंड बांधलेलं."

"म्म्," लेक म्हणाली.

"तू गप्प बस. मी नुसती बघत राहिले. यांचे हात लागले थरथरायला. गाठ चुकली, आणि तेवढ्यात फोटो निघाला."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?" क्युरेटरबाई.

"उत्तर कुठलं? गाठच सुटली सगळ्यांसमोर. डॉक्टर ओरडले, 'तुझा पेशंट मेला असता.' परत बांधायला लावली. दुसऱ्यांदा नीट बांधली यांनी, अगदी सपाट. मग मी मान हलवली. म्हटलं, माणूस चूक दुरुस्त करतो, चालेल." मावशी हसल्या. "लग्नाच्या गाठी वर बांधतात म्हणे. आमची इथेच बांधली, तीही दोनदा."

लेकीने पट्टी ओढून गळ्यात खाली केली. "तू तर सांगायचीस, आत्याने जमवलं."

"जमवलंच की. आम्ही ठरवल्यावर."

लेकीला रागवावं की हसावं ते कळेना. तिने आईचा हात हातात घेतला आणि फोटोकडे बघत राहिली. बाबांचे हात असे बारीक कधी होते, हे तिला माहीतच नव्हतं. मावशींचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

क्युरेटरबाईंनी कोरं कार्ड आणि पेन्सिल घेतली. "सेक्रेटरीसाहेबांना मी सांगते. पत्रिकेवर छत्री छापू." मग त्या लिहीत लिहीत वाचू लागल्या. "'प्रथमोपचाराचा सराव. रुग्ण : पेशंटमावशी, प्रकृती उत्तम.' चालेल?"

"चालेल."

"'हात : त्यांच्या यजमानांचे.'"

"नाही."

"का हो?"

"तेव्हा कुठे यजमान होते? मी अजून मान हलवली नव्हती."

क्युरेटरबाईंनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. 'हात : एका स्ट्रेचरवाल्याचे.'

मावशींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"'एका' नको," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"'आमच्या' लिहा."

पेन्सिल थांबली. संग्रहालयाच्या पाटीवर आमचं-तुमचं नसतं. क्युरेटरबाईंनी क्षणभर विचार केला. सेक्रेटरीसाहेब ते संघाच्या वतीने लिहिलंय असं समजतील, आणि खूशसुद्धा होतील. त्यांनी 'एका' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात 'आमच्या' लिहिलं.

जुनी पाटी निघाली, कार्ड तिथे खोचलं गेलं. मावशींनी वाकून ते पुन्हा एकदा वाचलं, मग वर त्या वाकड्या गाठीकडे पाहिलं.

"सापडले एकदाचे," त्या लेकीला म्हणाल्या. "चल, आता कुठेतरी चहा घेऊ."