तीन नंबरचा अर्धा फेरा

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्या माणसाची मला काळजी वाटेल. अक्कलकोट रस्त्यावर रेवणप्पाच्या हॉटेलात परवा मी हेच सांगत होतो. रेवणप्पा चहा गाळत होता आणि बाकावर माझी थोरली वहिनी, गोजाबाई, एसटीची वाट बघत बसली होती.

"सिदूमामा, मागच्या खेपेला तुमी विहिरीतनं रेल्वेचं इंजिन काढलं हुतं," रेवणप्पा म्हणाला. "आज काय काढनार?"

"आज गॅस काढतो. तू चहा गाळ."

तर आमच्या माळावरचं वीज केंद्र. कोळशाचं नव्हे, गॅसवरचं. चार संच, एकेक बिरोबाच्या देवळाहून उंच. माळ आमच्या वस्तीचा होता. साहेब लोक म्हणाले, तुमच्या माळावरून अर्धा जिल्हा उजळेल, म्हणून वस्तीनं तो दिला. मला बदल्यात हेल्परची नोकरी लागली. केंद्र दीड वर्ष चाललं. मग नळातनं येणारा गॅस थांबला. कुठं गेला, कुणी सांगेना. विचारलं की 'वरून कळवतील' म्हणायचे. वर म्हणजे कुठं, तेही वरूनच कळायचं होतं.

गॅस थांबला याचा मला राग नाही. राग याचा, की वीज तयार करणाऱ्या केंद्रात साहेबांच्या खोल्या गार ठेवायला बाहेरून वीज यायची. कुंपणापलीकडे आमची वस्ती भर उन्हाळ्यात बंद पंख्याकडे बघत घाम पुसायची. फाटकावर फलक होता, 'प्रकाश घरोघरी'. तो पुसायला दोन माणसं नेमली होती. तीन नंबर फिरवायला मी एकटा.

फिरवायला म्हणजे काय, तेही ऐका. संचाच्या पोटात रोटर असतो, भला मोठा लोखंडी दांडा. तो एकाच अंगावर पडून राहिला की स्वतःच्या वजनानं मधे झुकतो. एकदा झुकला की संपलं, मग गॅस येवो नाही तर अमृत येवो. म्हणून रोज सकाळी लांब कांब घालून त्याला अर्धा फेरा द्यायचा. खडूची खूण आज वर, उद्या खाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलतात ना, तसं. एक, दोन आणि चार नंबरचं फिरवणं साहेबांनी बंद केलं, कारण नव्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. तीन नंबर आमच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या जागेवर उभा होता. तो मी सहा वर्षं फिरवला, रकान्याशिवाय.

मग फर्मान निघालं. समिती येणार. जो संच सुरू होईल तो राहील, बाकीचे भंगारात. मी इंजिनिअर शिवानंद साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, गॅस न्हाई तर सुरू कसा करायचा?"

"सुरू करून दाखवावा, एवढंच लिहिलंय."

"गॅस कुनी द्यायचा?"

"ते लिहिलेलं नाही."

"म्हंजे कालवनाची चव सांगा, पन चूल पेटवू नका."

शिवानंद साहेब भला माणूस. त्यांनी मान खाली घातली, पण कागदावरची एक ओळ काही हलली नाही.

तीन नंबर गेला तर माळ फुकट गेला, हे वस्तीत कुठल्या तोंडानं सांगायचं? तो वाचवायचाच, असं मी ठरवलं. आता बघा, पेरणीआधी शेतकरी आमची मेंढरं रानात बसवून घेतात, खतासाठी. दोन-तीन मुक्काम पडले की रान तरारतं. मी म्हटलं, रानात बसवतात तर संचात का नको? मेंढरू रवंथ करताना ढेकर देतं, आणि त्या ढेकरात जळणारा गॅस असतो. हे माझं नाही, जनावरांचे डॉक्टर सांगतात.

"अय्यो," रेवणप्पा म्हणाला. गाळणी हवेतच राहिली. "किती मेंढरं?"

"नऊशे. आमच्या धनाजीदादाची."

बाहेरची हवा ओढून घ्यायला संचाला एक दांडगी खोली असते. तिच्यात मी नऊशे मेंढरं कोंडली आणि तीन दिवस हिरवा घास टाकला. चौथ्या दिवशी समिती आली. मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"ही जनावरं कुणाच्या मंजुरीनं आत आणली?"

"ज्या मंजुरीनं तुमी आमच्या माळावर आला, त्याच."

"इंधन काय म्हणून लिहायचं?"

"ढेकर लिवा."

मी कळ दाबली. सहा वर्षं कूस बदललेला रोटर, त्यात सूतभर झोल नव्हता. खडूची खूण फिरली, गरगरली, दिसेनाशी झाली. वस्तीतले पंखे सुटले. बायका दारात आल्या, म्हातारी माणसं पंख्याखाली आडवी झाली. अकरा मिनिटं चाललं सगळं. बाराव्या मिनिटाला घास संपला, मेंढरं ओरडायला लागली आणि संच थांबला. पण साहेबांनी लिहिलं, 'तीन नंबर राखावा.' माझ्यासमोर सही केली.

"मग हाय का अजून?" रेवणप्पानं विचारलं.

"हाय की. जाऊन बघ कवाबी."

गोजावहिनीनं बशी बाकावर ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"भावजी, किती खोटं बोलावं मानसानं," ती म्हणाली. "समिती फाटकातनंच माघारी फिरली, रोटर वाकलाय का सरळ हाय हे बघायलासुदिक कुनी आत आलं न्हाई. त्याच दिशी तुमीच घरी येऊन समितीचं ह्ये सांगितलं. तीन नंबरचं तुकडं ट्रेलरवर घालून न्हेलं, तवा दोन दिस तुमच्या तोंडात घास गेला न्हवता. आन् मेंढरं कुटली वो नऊशे? माळ गेला त्याच उन्हाळ्यात चारायला जागा न्हाई म्हून तुमच्या दादानं सगळी इकली. बाजारात तुमीच न्हेली हाकलत."