पत्र्याचा परग्रहवासी

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुना पत्र्याचा यंत्रमानव आहे. सिनेमात मी शुक्रावरून येऊन माणसे मारत असे. आता मला धड उभेही राहता येत नाही.

मेक्सिको शहरातल्या हिलारियो नावाच्या पत्रेवाल्याने मला तेलाच्या डब्यांतून घडवले. डोळ्यांना मोटारीचे दिवे, कानांना नरसाळी, तोंड नुसते रंगवलेले. कानांतून धूर यावा म्हणून छातीत धुपाची वाटी. मला उघडायच्या कड्या मात्र पाठीवर, बाहेरच्या बाजूने. "समोरून कडी दिसली, तर हा शुक्रावरून आलाय म्हणून कोण शेंबडं पोर मानेल?" असे आमचे दिग्दर्शक एव्हारिस्तोसाहेब म्हणाले.

माझ्या आत निकानोर शिरायचा. तो मुखवटा घालून लढणारा पैलवान. गुडघा गेला आणि सिनेमात आला. त्याची बायको देल्फिना रोज दुपारी गरम तमालेंचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुडक्यांचा, डबा आणायची. माझ्या पोटावर चापट मारून विचारायची, "काय हो भूतराव, माझा नवरा पचवलात की शिल्लक आहे?"

आतून निकानोर ओरडायचा, "शिल्लक आहे गं, पण भुकेनं चाललोय!"

दोघांवर माझा फार जीव होता.

आमचा सिनेमा बारा दिवसांत उरकायचा. आवाज मागाहून भरायचा. त्यामुळे चित्रीकरण चालू असताना साहेब खुशाल आरडाओरडा करत, आणि दुसऱ्या कुणाचे ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

त्या दिवशी साहेबांना धूर कमी वाटला. धूप दुप्पट घातला. वर दिव्यांनी मी तव्यासारखा तापलेला. निकानोर खोकू लागला, मग आतून ठोकू लागला. "उघडा! अहो, जीव जातोय माझा!"

"शाब्बास रे पठ्ठ्या! आज कुठे राक्षस शोभतोयस!" साहेब ओरडले. "कॅमेरा फिरवत राहा, थांबू नका!"

मी काय करणार? हातपाय हलायचे ते त्याच्याच जोरावर. त्याच्या मुठी पडत होत्या आणि मी नुसता वाजत होतो.

तेवढ्यात देल्फिना डबा घेऊन आली. तिने ऐकले मात्र, डबा टाकून धावली.

"अहो बाई, दृश्य नासवलंत!"

"आग लागो तुमच्या दृश्याला! माझा माणूस गुदमरतोय आत!"

तिने कड्या ओढल्या. निकानोर बाहेर आला तो कोसळलाच, आणि पुन्हा उठला नाही. साहेब टोपी तोंडाशी धरून ढसाढसा रडले. ते रडणे खोटे नव्हते. पण नवी फीत आणायची ऐपत नव्हती, म्हणून देल्फिना येण्याआधीचे दृश्य तसेच ठेवले.

सिनेमा लागला तेव्हा शोभेला मला पडद्याशेजारी उभे केले होते. निकानोरच्या ठोकण्यावर विजेचा कडकडाट भरला होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. एवढ्यात मागच्या रांगेतून देल्फिना उठली. "उघडा रे त्याला! कुणीतरी उघडा ना!"

सगळे थिएटर खो-खो हसले. मी तिथेच उभा होतो, रिकामा.

आता गोदामात गंजतो आहे. हौशी लोक येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. मित्रांनो, माझा गंज नका पुसू, मला रंगही नको. एवढेच करा. कुणी आतून ठोकू लागले, तर ते सोंग की खरे, हे मागाहून ठरवा. आधी कड्या काढा. मला त्या काढता आल्या नाहीत.