विमानाने जेवायला जाणारा नवरा

नवरा बाहेर जेवतो म्हटलं की इंदिरानगरातल्या बायका फार तर विचारतात, कुठल्या हॉटेलात? आमचे रंगनाथराव दर रविवारी सकाळी दोन माणसांच्या विमानात बसतात, डोंगर ओलांडून खानदेशात उतरतात, तिथे कुसाबाई नावाच्या बाईच्या हातचं वांग्याचं भरीत खातात आणि चहाच्या वेळेला घरी येऊन मलाच सांगतात की आज काय भरीत होतं म्हणून! सांगताना त्यांना काही वाटत नाही. ऐकताना माझा मात्र तिळपापड होतो.

आमचा ठिबकच्या नळ्यांचा धंदा. रोहितने, म्हणजे मुलाने, दुकान हातात घेतल्यावर यांना दिवसभर काय करायचं कळेना. मी म्हटलं, भजनी मंडळात जा, नाहीतर योगासनं करा. हे विमान शिकायला गेले. दिंडोरीकडचे दत्तूशेठ द्राक्षवाले, ते यांचे जुने मित्र. त्यांनी बागेच्या कडेला स्वतःची धावपट्टी करून घेतली होती. त्यांचं एक विमान, डॉक्टर बच्छावांचं एक आणि आमचं एक. आमचं म्हणजे जुनं, कुणीतरी वापरून विकलेलं. विमान कसलं, पंख लावलेली मारुती.

पहिलं वर्ष या तिघांनी नुसतं खाण्यात घालवलं. जिथे उतरायची परवानगी आणि जवळपास चांगलं जेवण, तिथे रविवार. कुठे शेवभाजी, कुठे मटण, कुठे नुसती जिलेबी. तोपर्यंत मी काही बोलले नाही. पुरुष हॉटेलात खातात, त्यात काय एवढं? पण मग बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या धावपट्टीवर यांना चुलीवर जेवण करून घालणारी कुसाबाई सापडली आणि बाकीची सगळी ठिकाणं बंद झाली. दर रविवारी कुसाबाई. तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

माझ्या हाताला चव आहे हे मी सांगायची गरज नाही. माझ्या भरतासाठी नणंदा नाशिक रोडवरून रिक्षा करून येतात आणि डबा भरून नेतात. ज्या घरात असं भरीत होतं, त्या घरच्या माणसाने दुसरीच्या भरताचं कौतुक करावं?

"वय काय त्या कुसाबाईचं?" मी एकदा विचारलं.

"असेल."

"असेल म्हणजे काय?"

"अगं, जेवताना वय कोण विचारतं?"

"मग काय विचारता?"

"काही नाही. जेवतो," म्हणाले आणि पेपर उघडला. ज्या माणसाकडे लपवण्यासारखं काही नसतं तो इतक्या घाईने पेपर उघडत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि दोन दिवस वाटत राहिलं.

मग मी हट्टाला पेटले. बाजार पालथा घालून ती पांढरट हिरवी, हातभर लांब वांगी आणली. कपाशीच्या वाळक्या काटक्यांवर भाजल्याशिवाय तो वास येत नाही असं कळलं, म्हणून शेतातून भारा मागवला आणि गच्चीवर जाळ केला. सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले. त्यांना वाटलं आग लागली. आग लागलीच होती, फक्त ती त्यांना दिसण्यासारखी नव्हती. वांगी सोलली, लाकडी भांड्यात ठेचली, वर तेलात तळलेल्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात. ताट वाढून समोर ठेवलं.

"छान झालंय," हे म्हणाले.

छान! कुसाबाईच्या भरताबद्दल हा माणूस चहा गार होईपर्यंत बोलतो आणि मला छान.

"या रविवारी मी येणार," मी म्हटलं.

मला वाटलं होतं चेहरा उतरेल. उलट फुलला. "ये की! कधीचा म्हणतोय. तूच नको म्हणतेस."

ते खरं होतं. मला पाळण्यातसुद्धा चक्कर येते. पण भीती एकीकडे आणि कुसाबाई एकीकडे. शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा भरीत केलं, या वेळी सगळा जीव ओतून, आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलं. तिचं आणि माझं शेजारी शेजारी ठेवायचं आणि चार लोकांसमोर काय तो निकाल लावायचा, असा माझा बेत होता.

दत्तूशेठच्या धावपट्टीवर पहिल्यांदा वजन करतात. द्राक्षांच्या क्रेटचा काटा तिथेच शेडमध्ये ठेवलेला. विमान लहान, त्यामुळे माणसाचं, पिशवीचं, सगळ्याचं वजन बघूनच उडायचं.

"वहिनी, या काट्यावर," दत्तूशेठ म्हणाले. "लाजायचं नाही. डबा पण घ्या. काय आहे डब्यात?"

"भरीत."

दत्तूशेठनी यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर बच्छाव बुटाची नाडी बांधायला वाकले.

"भरीत खायला चाललोय आपण, वहिनी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि डबा घट्ट धरून काट्यावर उभी राहिले.

उडताना मी डोळे मिटले होते. कानांवर हेडफोन, त्यात यांचा आवाज अगदी जवळून येत होता. घरी हे दुसऱ्या खोलीतून ओरडतात. इथे शांतपणे, सावकाश, रेडिओवर कुणाकुणाशी अदबीने बोलत होते. हा आवाज मी ऐकलाच नव्हता. सकाळी सकाळी कोण कुठला टॉवरमधला माणूस, त्याला हा आवाज, आणि मला "माझा चष्मा कुठाय".

"आता बघ खाली," ते म्हणाले. "देवळा."

मी एक डोळा उघडला. कांद्याच्या चाळींच्या लांब लांब रांगा, हिरवे तुकडे, मध्ये गाव.

"ती पाण्याची टाकी दिसते? तिच्या अलीकडे तुझं माहेर. पत्रे निळे केलेत तुझ्या भावाने."

"तुम्हाला काय माहीत?"

"दर रविवारी दिसतं की."

मी वर्षातून दोनदा माहेरी जाते, दिवाळीला आणि कुणाचं लग्न असलं तर. आणि हा माणूस दर रविवारी माझ्या माहेरावरून जातो, भावाने पत्र्याला कुठला रंग दिला ते बघतो आणि पुढे दुसरीच्या हातचं खायला निघून जातो. मी डोळे पुन्हा मिटून घेतले. खाली बघितलं असतं तर रडले असते.

सूतगिरणी आली. दत्तूशेठ उतरले. डॉक्टर उतरले. आम्ही वर गोल फिरत राहिलो. एक चक्कर झाली, मग दुसरी.

"उतरता येत नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"येतं."

"मग?"

"जाऊ दे त्यांना आधी," म्हणाले आणि हसले. आणखी एक चक्कर मारून आम्ही सगळ्यांच्या शेवटी उतरलो.

पत्र्याच्या शेडखाली चूल होती आणि चुलीपुढे कुसाबाई. मी तिला नखशिखान्त बघून घेतलं. माझ्याच वयाची. माझ्याहून बारीक. एवढं तरी यांनी मला सांगायला हवं होतं. कानात सोन्याची मोठी फुलं, हातावर भाकरी फिरत होती आणि तोंड चालू होतं.

"या ताई, बठा. गरम शे."

दत्तूशेठ, डॉक्टर आणि जळगावकडून आलेले आणखी दोघे सतरंजीवर बसलेच होते. मीही बसले. शेजारची जागा यांच्यासाठी पदराने झाडून ठेवली. हे आले, हात धुतले, आणि बसण्याऐवजी चुलीजवळची भाकरीची टोपली उचलली.

"तुम्ही कुठे निघालात?"

"वहिनी, इथला नियम आहे," दत्तूशेठ म्हणाले. "कुसाबाई एकट्या. त्या थापणार की वाढणार? म्हणून जो शेवटी उतरेल त्याने पंगत वाढायची. तुमचे हे पठ्ठे दर वेळी मुद्दाम शेवटी उतरतात. तुमचं इंधन संपेल असं आम्ही म्हटलं तरी आधी उतरत नाहीत."

"दादा सगळासले वाढतस, मंग बठतस," कुसाबाई म्हणाली. "वरीसभर हाईच चालू शे."

मी बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो तो हा माणूस. इथे वाकून वाकून वाढत होता. डॉक्टरांना पापुद्रा सुटलेली भाकरी आवडते म्हणून टोपलीतून तशी शोधून देत होता. दत्तूशेठना कांद्याची पात. जळगावच्या पाहुण्याला "तिखट लागलं का? दही घ्या." कपाळावर घाम, चेहरा उजळलेला. माझ्या ताटात भाकरी ठेवून पुढे गेले, सगळ्यांना ठेवली तशीच.

तेवढ्यात दत्तूशेठनी माझा डबा उघडला. मला तर त्याचा विसरच पडला होता.

"वहिनींच्या हातचं पण होऊन जाऊ दे."

यांनी तेही वाढलं. माझं भरीत, माझ्या डब्यातून, सगळ्यांच्या ताटात कुसाबाईच्या भरताशेजारी. जे व्हावं म्हणून मी जीव मुठीत धरून आले होते ते आपोआप झालं. डॉक्टरांनी घास घेतला आणि मान डोलावली. जळगावचा पाहुणा म्हणाला, एक नंबर. कुसाबाईने भाकरी तव्यावर टाकली, माझं भरीत बोटाने चाखलं आणि सगळ्यांदेखत बोलली, "ताई, हाई भरीत भारी शे. मन्हं बी इतलं जमत नई."

मी जिंकले. मी तिचंही खाल्लं होतं. मीठ जरा जास्त, मिरची कच्ची. माझ्या भरताच्या जवळपास नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं लक्ष टोपलीकडे होतं, ती आता कुणाच्या ताटापाशी थांबते याच्याकडे.

हे माझ्यापाशी आले तेव्हा मी हळूच म्हटलं, "माझं चांगलं ठरलं ना?"

"ठरायचं काय त्यात? तुझंच चांगलं आहे. मला माहीत नाही का?"

"माहीत आहे? मग इथे कशाला मरायला येता दर रविवारी?"

ते टोपली घेऊन उभेच राहिले. मला वाटलं थट्टेवारी नेतील.

"इथे मला मागतात गं," म्हणाले. "रंगादादा भाकरी, रंगादादा पाणी. घरी मला कुणी काही मागत नाही. रोहित आता दुकानातलं काही विचारतसुद्धा नाही. आणि तू तर काय, माझ्या मनात यायच्या आत ताटात वाढलेलं असतं."

कुसाबाईचा राग करणं किती सोपं होतं! बाई एक, भरीत एक, त्याहून चांगलं करून दाखवलं की झालं. आता मला या सगळ्यांचाच मत्सर वाटू लागला. दत्तूशेठचा, डॉक्टरांचा, त्या नाव माहीत नसलेल्या जळगावच्या पाहुण्याचा. माझ्या नवऱ्याच्या हातची वाढलेली भाकरी या लोकांनी वर्षभर खाल्ली होती. पोट भरल्यावर "बस, बस" म्हणून नाकारलीसुद्धा असेल. आणि घरी मी वाट बघत, झाकून ठेवलेलं एकटीने जेवत होते.

"रंगादादा, इकडे एक!" दत्तूशेठनी हाक मारली.

हे लगेच वळले. बघा, किती लगेच!

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला वाढा."

"तुझ्या ताटात आहे की अजून."

होती. अर्धी भाकरी होती. ती मी उचलली आणि हात लांब करून दत्तूशेठच्या ताटात टाकली. दत्तूशेठ बघतच राहिले. उष्टं-बिष्टं काही मनात आलं नाही माझ्या.

"आता नाही. वाढा."

हे वाकले. टोपलीतली वरची बाजूला सारून खालची गरम काढली, दोन तुकडे केले, ताटात ठेवले. भरीत वाढलं. माझं नव्हे, कुसाबाईचं, ते जवळ होतं म्हणून. "मिरची आहे बघ मोठी, बाजूला काढ," म्हणाले. अगदी त्या हेडफोनमधल्या आवाजात.

मी खाल्लं. खारट लागलं.

"अजून," मी म्हटलं.

"बाधेल गं."

"मी मागतेय ना? वाढा."

पलीकडून डॉक्टरांनी पाणी मागितलं, जळगावच्या पाहुण्याने दही. हे दोन्हीकडे मान वर करून बघत होते, पण वाकलेले माझ्याच ताटावर होते. मी सावकाश चावत होते. पोट केव्हाच भरलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कुसाबाईला वाटत होतं मिरची लागली. मी पुन्हा ताट पुढे केलं. मी हात धुतला असता, तर ते दुसऱ्याला वाढायला गेले असते.