एस.टी.त राहून गेलेलं

अमरावतीच्या डॉक्टरांनी चारची वेळ दिली होती आणि दारव्ह्यात शिरताना गाडी पंक्चर झाली. स्वानंद, माझा नवरा, पंक्चरवाल्यापाशी उभा राहिला. ऊन फार होतं, म्हणून भैरवीला कडेवर घेऊन मी समोरच्या पत्र्याच्या खोलीत शिरले. दारावर हातानं रंगवलेली पाटी होती: ‘एस.टी.त विसरलेल्या वस्तूंचे संग्रहालय. पाहणे फुकट. आपली वस्तू ओळखल्यास घेऊन जावी.’

भैरवी अडीच वर्षांची. आई म्हणत नाही, बाबा म्हणत नाही. एकच शब्द येतो, गाडी, त्यातही ग चा य करते. मी बालविकासात एम.ए. केलेली, तिच्या शब्दांसाठी वही ठेवली होती, तिच्या पहिल्या पानावर हा एक शब्द आणि पुढे कोरी पानं. दिवाळीनंतर ती तोच शब्द रडून रडून म्हणायला लागली, तेव्हा स्वानंदनं तिला खेळण्यातल्या सात गाड्या आणल्या. तिनं एकीलाही हात लावला नाही. शेजारच्या रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, आई दिवसभर कॉलेजात शिकवते म्हटल्यावर लेकरू बोलणार कोणाशी? अमरावतीची वेळ मी त्याच दिवशी घेतली.

आतले गृहस्थ पूनमसिंग, आगारातून निवृत्त झालेले. कोणी न्यायला न आलेल्या वस्तू लिलावात घेऊन त्यांनी ही खोली भरली होती. छत्र्या, डबे, दातांची कवळी, आहेराचं न फोडलेलं पुडकं. एक कुबडीही होती. “हा उतरला कसा असन, मले अजून समजलं नाही,” ते म्हणाले. पंधरा दिवसांत आम्हीच पहिले आलो होतो.

भैरवीनं हात सोडवून घेतला. कोपऱ्यात तारेच्या सांगाड्यावर फेटिया चढवला होता, बंजारा बायकांचा आरशांचा लाल घागरा. ती धावत गेली, त्यात तोंड खुपसलं आणि हाका मारायला लागली.

मी ओशाळून म्हणाले, तिला गाडीत बसायचंय, सारखं गाडी गाडी करते.

पूनमसिंग थोडं ऐकत राहिले.

“गाडी नाही म्हणत थे, बाई. याडी म्हणून राह्यली. आमच्या बोलीत याडी म्हंजे माय.” मग हसून म्हणाले, “तुमालेच बलावते.”

ती माझ्याकडे पाठ करून होती.

आर्णीला, आमच्या घरी, जमनी तिला सांभाळायची, भैरवी तीन महिन्यांची असल्यापासून. तांड्यावरून सकाळी यायची, असाच फेटिया घालून. गेल्या हंगामात कापूस लाल्या रोगानं गेला आणि दिवाळी झाल्यावर अख्खा तांडा ऊसतोडीला गेला. जमनी सांगायला आली तेव्हा बराच वेळ दारात उभी होती. परत कधी येशील, हे मी विचारलं नाही. सोमवारपासून दुसरी कोणी मिळेल का, एवढंच विचारलं.

स्वानंद बोलवायला आला. मी सांगितलं तसा तो मोकळा हसला. म्हणजे बोलते की आपली पोरगी, म्हणाला, आणि तीही दुसऱ्याची भाषा! वेळ घेतलीच आहे तर दाखवून येऊ, म्हणून तो गाडी वळवायला गेला. मला त्याच्याइतकं हलकं वाटायला हवं होतं.

भैरवी फेटिया सोडेना. पूनमसिंग म्हणाले, राहू द्या, मले काही घाई नाही, आणि दाराबाहेर जाऊन बसले. मी तिच्या मागे जमिनीवर बसले. तिनं पुन्हा हाक मारली. त्या खोलीत ओ देणारं दुसरं कोणी नव्हतं.

“ओ,” मी म्हणाले.

ती गर्रकन वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग थोडी बाजूला वाकून, माझ्या मागे कोण आहे ते बघायला लागली.