चार डिस्कांची वाटणी

माझे दोन्ही भाऊ एकाच सोमवारी माझ्या दुकानात येऊन गेले. सकाळी धाकटा, दुपारी थोरला. श्रीवर्धनच्या पेठेत कॉम्प्युटरचं दुकान चालवून मला बारा वर्षं झाली, त्यामुळे भाऊ आला की तो ताईकडे आलाय की दुकानात, हे मी चपलांवरून ओळखते. ताईकडे आलेला भाऊ चपला दाराशी काढतो आणि थेट माझ्या जेवणाच्या डब्याला हात घालतो. त्या दिवशी दोघांनीही चपला काढल्या नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकं.

"ताई, मला नवा पीसी बांधून दे," सकाळी विहंग म्हणाला. "पण आत फक्त एसएसडी. हार्ड डिस्क एकसुद्धा नको. त्या फिरणाऱ्या चकत्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही."

"अरे, एकेका लग्नाचं शूटिंग केवढं असतं! वर्षभराची लग्नं एसएसडीवर ठेवायची म्हणजे वाडी विकावी लागेल."

"ते मी बघेन. दादा काय घेतोय?"

"तो अजून आलाच नाही."

"मला काय करायचंय त्याचं," असं म्हणून तो निघून गेला.

दुपारी सुयश आला. तोही तोच प्रश्न विचारायला आला होता, फक्त त्याने तो आधी विचारला.

"विहंगने काय मागितलं?"

"एसएसडी."

"मग मला हार्ड डिस्कच लाव. जुन्या पेटीत चार होत्या, आता आठ लाव. आणि पेटीला कुलूप असू दे."

माझं डोकंच फिरलं. या प्रश्नाचं उत्तर मी पंचक्रोशीतल्या प्रत्येक फोटोवाल्याला दिलंय. एसएसडी वेगवान, आत फिरणारं काही नाही, तिच्यावर एडिटिंग झरझर होतं. हार्ड डिस्क हळू, पण तेवढ्याच पैशात तिच्यात कितीतरी जास्त मावतं. तेव्हा काम एसएसडीवर करावं, साठा डिस्कांच्या संचात ठेवावा. चहा पातेल्यात उकळतो आणि पाणी पिंपात भरतो, एवढी साधी गोष्ट. पण माझ्या भावांना पातेलं आणि पिंप यांतलं जे दुसऱ्याकडे नाही तेच हवं होतं. मी दोघांच्या ऑर्डरी लिहून घेतल्या आणि सामान मागवलं नाही.

आता घरातली गोष्ट सांगते. सुयश आणि विहंग दहा वर्षं मिळून लग्नांचं शूटिंग करत होते. सुयश कॅमेरा धरायचा, विहंग एडिटिंगला बसायचा. गेल्या उन्हाळ्यात सुपारीच्या वाडीची वाटणी झाली आणि त्याच झपाट्यात स्टुडिओचीही झाली. वाटणीला बसले होते आमचे विश्वंभरकाका. काकांच्या वाटणीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. ते वाडी मधोमध तोडत नाहीत, कारण एका बाजूला पाणी जास्त, दुसऱ्या बाजूला ऊन जास्त. ते पोफळींना चुन्याने आकडे घालतात. विषम आकडे थोरल्याला, सम धाकट्याला. दोघांच्या वाट्याला चांगली-वाईट जमीन सारखीच येते. मी त्या आठवड्यात तळा गावी सासरी होते. परत आले तेव्हा वाटणी पार पडली होती, आणि महिन्याभरात दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. का, ते कोणीच सांगेना. गणपतीला मी माहेरी गेले तर दोन चुली, दोन नैवेद्य आणि मधे मी, गौरीबाई, दोन्हीकडचे मोदक खाऊन पोट बिघडलेली. हसू नका. मला फार वाईट वाटलं होतं. ज्यांना मी अंगाखांद्यावर खेळवलं ते दोघे पुन्हा एका खोलीत बसावेत, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी फरिदाचाची आल्या. त्यांच्या मुलीचा, जुनेराचा, निकाह मार्चमध्ये झाला होता आणि शूटिंग माझ्या भावांनीच केलं होतं. आठव्या दिवशी नवरदेव, मुसअब, दोह्याला नोकरीवर परत गेला.

"गौरीबाय, निकाहचा व्हिडिओ मिलाला न्हाय अजून," चाची खुर्चीत टेकत म्हणाल्या. "सुयशला इचारला तं बोलतो विहंगकडं हाय. विहंग बोलतो सुयशकडं हाय. जावई शुक्रवारी येतोय सुट्टीवर. त्याच्या अब्बांनी त्या दिवशी स्टेजवर गाणा गायलेला. सारी उमर त्या माणसानं तोंड उघडला न्हवता! मुसअबला त्योच बघायचाय."

"मिळेल, चाची," मी म्हटलं.

सुयशला फोन लावला. तो एकदम उसळला. "माझ्या डिस्कांवर काहीही नाही, ताई. लावल्या तर पीसी विचारतो, फॉरमॅट करू का? त्याने पुसून दिल्या मला! तुला कशाला मधे घालायचं म्हणून बोललो नाही."

विहंगला फोन लावला. "माझ्या डिस्का कोऱ्या आहेत. दादाने रिकाम्या करून माझ्या गळ्यात मारल्या. जाऊ दे, तुला कशाला सांगू."

"थांब," मी म्हटलं. "तुझ्या डिस्का म्हणजे कुठल्या?"

"पेटीतल्या. काकांनी वाटल्या ना. एक-तीन दादाला, दोन-चार मला."

मी फोन ठेवला आणि दुकानात एकटीच मोठ्याने हसले. समोरचा हिरामण शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. ती चार डिस्कांची पेटी मीच त्यांना जोडून दिली होती, डिस्कांवर आकड्यांच्या चिठ्ठ्याही मीच लावल्या होत्या. काकांना त्या पोफळीच वाटल्या! पण त्या पेटीत एक लग्न एका डिस्कवर नसतं. प्रत्येक लग्नाचे बारीक तुकडे होऊन चारही डिस्कांवर पसरतात, आणि सोबत असा हिशोब ठेवला जातो की चारांतली कुठलीही एक मेली तरी उरलेल्या तीन मिळून तिचा भाग भरून काढतात. दोन गेल्या की मात्र सगळंच गेलं. म्हणजे दोघांच्या घरी दोन-दोन डिस्का, आणि दोघांकडेही शून्य. कोणी कोणाचं काही पुसलं नव्हतं. आठ महिने दोघं एकमेकांना चोर समजून बसले होते.

मी पुन्हा दोघांना फोन करून हे समजावलं. कळलं दोघांनाही. पण कळणं आणि वळणं यांत अंतर असतं, आणि आमच्या घराण्यात ते जरा जास्तच आहे.

"ठीक आहे," सुयश म्हणाला. "सदाच्या रिक्षातून पाठवतो डिस्का. मी येत नाही."

"सदाच्या रिक्षातून पाठवतो," विहंगही म्हणाला. "आणि किती लागतील ते सांग."

तीन लागणार होत्या. सुयशच्या दोन आणि विहंगची एक, की काम झालं. फरिदाचाचींना व्हिडिओ मिळाला असता, भाऊ आपापल्या घरी फुगून बसले असते. मी धादांत खोटं बोलले.

"चारही लागतात. एक कमी पडली तरी उघडणार नाही. आणि उघडताना दोघांचेही पासवर्ड लागतात, दोघांनी स्वतः टाकायचे. गुरुवारी सकाळी दहा वाजता."

पासवर्ड वगैरे काहीही नव्हता.

गुरुवारी दोघं आले. सुयश दहाला पाच कमी असताना, विहंग दहा वाजून दहा मिनिटांनी. सुयशच्या डिस्का टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या, विहंगच्या लाडवांच्या डब्यात. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. विहंगचा चेहरा मला बरा दिसला नाही. मी म्हटलं, रागात असेल.

आकड्यांप्रमाणे डिस्का पेटीत बसवल्या. पेटी सुरू केली. एक हिरवा दिवा लागला, दुसरा हिरवा, तिसरा हिरवा. चौथा लाल.

चार नंबर विहंगची.

मी डिस्क काढून पुन्हा बसवली. पुन्हा लाल. सुयश खुर्चीवरून उठला.

"काय केलंस तू हिचं?"

विहंग टेबलाकडे बघत म्हणाला, "पीसीने विचारलं, फॉरमॅट करू का. दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तुझा राग आला होता, दादा. हो दाबलं."

"म्हणजे सगळंच गेलं!" सुयशचा आवाज चढला. "दहा वर्षांची लग्नं! त्या चाचीला काय तोंड दाखवायचं? चार लागतात ना, ताई?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. विहंगच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीशीला आलेला माणूस, पण मला तो शाळेची पाटी फोडून आलेला दिसला. आता खोटं ओढत नेणं म्हणजे पाप होतं.

"तीन पुरतात," मी म्हटलं आणि क्लिक केलं.

पेटी थोडी कुरकुरली. मग फोल्डरांची रांग उघडली. दहा वर्षांची लग्नं, बारशी, मुंजी, आणि मार्चमधला जुनेराचा निकाह. मी तो उघडला. स्टेजवर एक उंच, लाजरे गृहस्थ माईक दोन्ही हातांत धरून गात होते, सूर कुठल्या कुठे जात होता आणि सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. विहंग हसला आणि त्याच श्वासात त्याने नाक ओढलं. सुयश परत खुर्चीत बसला, पण या वेळी विहंगच्या बाजूला, कारण स्क्रीन तिथून दिसत होता.

आधी मी सगळं एका नव्या डिस्कवर उतरवायला घेतलं. लंगड्या पेटीवर भरवसा ठेवू नये. निकाहचं फोल्डर मात्र एसएसडीवर घातलं, विहंगला लगेच एडिटिंगला घेता यावं म्हणून. कॉपीची पट्टी सरकत होती तोवर दोघं नव्या पीसीवरून भांडायला लागले.

"बघितलंस? हार्ड डिस्का होत्या म्हणून वाचलं," सुयश म्हणाला.

"हार्ड डिस्का होत्या म्हणून आठ महिने बोंबललं! एसएसडी असती तर काकांनी वाटली असती का? एकच असती, तुकडा कसा पाडणार?"

"काकांचा काही भरवसा नाही. करवत मागवली असती."

तिघंही हसलो. किती महिन्यांनी मी हे भांडण ऐकत होते! मी दोघांना सांगितलं, पीसी एकच येईल, कामाला एसएसडी आणि साठ्याला डिस्कांचा संच. पेटी म्हणजे काही बॅकअप नव्हे, तेव्हा सगळ्याची आणखी एक प्रत माझ्या घरी राहील, आणि तिच्यावर कोणाचाही वाटा नाही. दोघांनी एकमेकांकडे न बघता माना हलवल्या. मी आधीच्या दोन्ही ऑर्डरी फाडून टाकल्या.

मग सुयशच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तसा उशिराच पडतो.

"एक मिनिट. तीन पुरतात हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग चार का म्हणालीस? माझ्या दोन होत्याच. याच्याकडून एक रिक्षाने मागवली असतीस तर परवाच काम झालं असतं. आम्हाला उगाच बोलावून बसवलंस!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण विहंगच आधी बोलला.

"झालं नसतं, दादा." तो अजून स्क्रीनकडेच बघत होता. "एकच मागितली असती ना, तर मी चार नंबरच पाठवली असती. मुद्दाम."

स्क्रीनवर मुसअबचे अब्बा दुसरं कडवं गात होते. मला वाटलं, आता सुयश भडकणार आणि सगळं मुसळ केरात. त्याने धाकट्याकडे पाहिलं. मग वाकून चपला काढल्या, पायानेच दाराकडे सारल्या आणि माझा जेवणाचा डबा पुढे ओढला.

"माझ्याकडे एक मागितली असती," तो म्हणाला, "तर मी एकही दिली नसती."