बिनखिडक्यांचं शेड

साहेबराव मे महिन्यात एस.टी.तून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांच्या पायाला घरात थारा मिळेना. सगळी नोकरी जालना डेपोत गेलेली. कधी मंठा, कधी हसनाबाद, कधी पार शेगावपर्यंत गाडी न्यायची. आता सकाळी उठून ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग बदनापूरच्या त्या तीन खोल्यांत जावं कुठं हेच कळायचं नाही. ओट्यावर येऊन उभे राहायचे, पुन्हा आत. पंखा लावायचे, बंद करायचे. कांताबाई डाळ निवडायला बसल्या की त्यांच्यासमोरून उगाच येरझाऱ्या घालायचे.

"एका जागी बसा ना हो," कांताबाई म्हणायच्या. "तुमच्यामुळं मला गरगरून राह्यलंय."

बसवत नव्हतं म्हणून ते मोटारसायकल काढून हायवेला जायला लागले. जालन्याच्या बाजूला रस्त्यालगत 'मौजनगरी' नावाचं पार्क होतं. उन्हाळ्यात तिथं पाण्याच्या घसरगुंड्यांवर गर्दी असायची, एरवी शाळांच्या सहली आणि आकाशपाळणा. यंदा त्या आवारात पत्र्याचं एक शेड उभं राहत होतं. कापसाच्या जिनिंग मिलपेक्षा उंच, करड्या रंगाचं, आणि खिडकी म्हणून एक नाही. गेटवर मोठा फलक लावला होता : 'आत काय आहे? दिवाळीला कळेल!'

पार्कासमोर कारभारीचं चहाचं हॉटेल होतं. तिथं बसणाऱ्यांना दिवाळीपर्यंत दम निघणं शक्यच नव्हतं.

"बर्फ हाय आत," कारभारी ठामपणे सांगायचा. "एसीची एवढाली मशिनं उतरताना मी ह्या डोळ्यांनी पाह्यली. माणसाला एवढा गारवा कशाला लागतो?"

"बर्फाला खिडकी चालत न्हाई का? भूतबंगला हाय तो," दूधवाला म्हणायचा. कुणी म्हणे मासे आणणार, काचेच्या बोगद्यातून माणसं चालणार, डोक्यावरून मगरी जाणार. बांधकामावरच्या माणसांना विचारलं तर ती हसायची. त्यांनाही काही माहीत नव्हतं, किंवा बोलायची मनाई होती.

साहेबराव सुरुवातीला नुसतं ऐकायचे. चहा संपला की उठायचे, शेडकडे बघायचे, परत बसायचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मोठा ट्रेलर आला आणि गेटात अडकला. ड्रायव्हर परराज्यातला, नवखा. मागं घेताना प्रत्येक वेळी खांबाला घासायला जायचा. हायवेवर दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. साहेबराव हातातला कप ठेवून पळतच गेले. "बस बस बस! डावीकडं काट. अजून. सोड आता, सोड. सीधा!" हात हलवत, मागं मागं चालत त्यांनी तो ट्रेलर आत घेतला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला. साहेबरावांचा शर्ट घामानं चिंब झाला होता आणि चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता.

ट्रेलर आत जाताना वाऱ्यानं ताडपत्री उचलली गेली. खाली लोखंडाची लांबलचक, बाक दिलेली कमान होती. अशा बऱ्याच होत्या.

"रूळ हायेत," ते हॉटेलात येऊन म्हणाले. "वळणाचे रूळ. आत गाडी पळणार हाय. अंधारात, वर-खाली, गोल. म्हणून खिडक्या न्हाईत."

साहेबरावांचा शब्द म्हटल्यावर लोकांनी मान डोलावली. गाडीतलं त्यांना कळतं, असं सगळे धरून चालले. मग ते रोजच सांगायला लागले. टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून वाट काढून दाखवायचे : इथून चढ, इथं घाट, इथं एकदम उतार. घरी जेवतानाही तेच. भाकरी थंड होऊन जायची.

"आन् चालवणार कोण?" कांताबाईंनी एकदा विचारलं.

"कोणीतरी ठेवतेलच की," साहेबराव म्हणाले, आणि थंड झालेली भाकरी मोडायला लागले. पण कांताबाईंच्या लक्षात आलं.

सप्टेंबर उलटला. एका सकाळी कारभारी म्हणाला, "साहेबराव, रूळ असतील तर चाकं कुठंयत? एवढे ट्रक आले, पण एकबी डबा आलेला न्हाई. सगळ्या खुर्च्याच उतरून राह्यल्या."

लोक हसले. साहेबरावही हसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात थांबलेच नाहीत. मागच्या बाजूनं, मोसंबीच्या बागेतून, ते पार्काच्या कुंपणापर्यंत गेले. एका ठिकाणी तार सैल होती. वाकून आत शिरले. शर्टाची बाही फाटली. शेडच्या पत्र्याला कान लावून ते उभे राहिले. आत काहीतरी घरघरत होतं, थांबत होतं, पुन्हा घरघरत होतं. ते दार शोधत कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथंच वॉचमननं त्यांची कॉलर धरली.

मॅनेजर तरुण होता. आवाज चढवला नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण घरच्या कुणाला तरी बोलावल्याशिवाय सोडता येणार नाही, म्हणाला. कांताबाईंना हे कळू नये म्हणून साहेबरावांनी मुलीचा नंबर दिला. रूपाली जालन्याला नर्स होती. ड्यूटी अर्धी टाकून ती आली, सही केली आणि वडलांना बाहेर घेऊन आली.

रस्त्याच्या कडेला येऊन ती थांबली. मग फाटकी बाही बघून म्हणाली, "पप्पा, लागलं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"चोरी करायला आल्यासारखं लिहून घेतलं त्यांनी तुमचं नाव. काय पाहिजे होतं तुम्हाला तिथं?"

साहेबरावांनी हायवेकडं बघितलं. संभाजीनगरकडं जाणारी लाल गाडी समोरून गेली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं हातही केला. ह्यांनी केला नाही.

"बघायचं होतं नुसतं," ते म्हणाले.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात आणि घरात तर आणखीच बसवेना. हॉटेलात गोष्ट पोचलीच असणार, ह्या विचारानं ते ओट्यावरसुद्धा येईनात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याची काच ते पुसायचे, मग कपाट लावायचे, मग लावलेलं कपाट काढायचे. कांताबाईंना रूपालीकडून सगळं कळलं होतं, पण त्यांनी विषय काढला नाही.

दिवाळीच्या आधी एका रविवारी कारभारी स्वतः दारात आला. "जय भीम, साहेबराव. हॉटेल सोडलं का आमचं? चला, उद्या चाचणी हाय. लोकांसाठी खुलं करायच्या आधी खुर्च्या भरून बघायच्यात म्हणे, आसपासच्या माणसांना फुकट बोलावलंय."

"मी न्हाई येत. त्यांनी माझं नाव लिहून ठेवलंय."

"त्या मॅनेजरनंच सांगितलं, ट्रेलरवाल्या काकांना आणा म्हणून."

आतून कांताबाई म्हणाल्या, "मी येते. हे न्हाई आले तरी मी येणार."

सोमवारी दोघं गेले. शेडच्या आत गारवा होता, अंधार होता आणि नव्या रंगाचा वास होता. रूळ नव्हते. डबे नव्हते. ओळीनं खुर्च्या मांडल्या होत्या, कमरेला पट्टे, आणि समोर छतापासून जमिनीपर्यंत वळत आलेला अवाढव्य पडदा. त्या बाक दिलेल्या कमानी ह्या पडद्याच्या सांगाड्याच्या होत्या. मागच्या ओळीतून कारभारीचा आवाज आला, "बर्फबी न्हाई हो!"

दिवे गेले. पडद्यावर डोंगर आले आणि सगळी खोली जणू उचलून त्यांच्यावरून फेकली गेली. खुर्च्या कलल्या. तोंडावर वारा आला. कडा संपला, खाली दरी उघडली आणि लोक ओरडायला लागले. साहेबरावांचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतला. ब्रेक दाबावा तसा ते दाबतच राहिले. हात काहीतरी धरायला शोधत होते. पुढं झाड आलं, त्यांनी पाय दाबला. झाड निघून गेलं. त्यांच्या दाबण्यानं काहीच होत नव्हतं. खुर्ची वीतभरसुद्धा पुढं गेलेली नाही, हे त्यांच्या अंगाला बरोबर कळत होतं, आणि तरी पाय दाबायचा थांबत नव्हता.

कांता घाबरली असेल म्हणून त्यांनी शेजारी बघितलं. कांताबाईंचा पदर खांद्यावरून उडाला होता. प्रत्येक वळणाला त्या अंग झोकून देत होत्या. तोंडावर पाण्याचा फवारा आला तशा त्या मोठ्यानं हसल्या आणि पडद्याकडं हात करून ओरडल्या, "उजवीकडं घे! अरे उजवीकडं घे, कडा हाय!"

बायकोचा असा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता.

बाहेर आल्यावर साहेबराव उन्हात फेऱ्या मारायला लागले. "जागच्या जागी! एवढं मोठं शेड बांधलं, आन् गाडी जागची हलली न्हाई. ह्याला काय गाडी म्हणायची?"

"मी अजून एकदा जाते," कांताबाई म्हणाल्या. दुसऱ्या फेरीची रांग लागत होती. "तुम्ही येता?"

ते नाही म्हणाले. त्या एकट्या गेल्या. साहेबराव आकाशपाळण्याखालच्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. कांताबाई बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि डोळे चमकत होते. त्या शेजारी येऊन बसल्या.

"मला घरात बसवत न्हाई, कांता," साहेबराव अचानक म्हणाले. "नोकरी थांबली, पण अंग अजून चालूच हाय. काय करावं समजून न्हाई राह्यलं."

"दिसतं मला. मी काय आंधळी हाय का?" कांताबाईंनी पदर सारखा केला. "मला चालवायला शिकवा."

"काय?"

"रूपाली जुनी स्कूटी विकायची म्हणती. ती आणा. मला वाटून राह्यलं आत्ता मीच चालवती हाय. खरंच चालवून बघायचंय."

साहेबराव हसतील असं कांताबाईंना वाटलं होतं. ते हसले नाहीत. "आधी लर्निंग लायसन काढायचं," साहेबराव म्हणाले. "त्याच्याशिवाय गाडीला हात लावायचा न्हाई."

दिवाळी झाली, पार्कासमोर वाहनांच्या रांगा लागल्या. ह्या दोघांना तिकडं जायला सवड नव्हती. सकाळी सातला ती दोघं कृषी संशोधन केंद्रामागच्या मोकळ्या रस्त्यावर असायची. पहिल्या आठवड्यात साहेबराव इतके ओरडले की कांताबाईंनी गाडी उभी केली आणि उतरल्या. "ओरडायचं असंल तर घरी जा. मी माझी शिकते." मग त्यांनी ओरडणं सोडलं. मागं बसून ते दात आवळून धरायचे. मोटारसायकलवाला जवळून गेला की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. पण कांताबाईंचा हात स्थिर होता. वळणाच्या आधीच वेग उतरवायच्या, कुणी न सांगता. हे साहेबरावांनी कारभारीच्या हॉटेलात जाऊन सांगितलंही.

पक्कं लायसन आलं आणि त्याच आठवड्यात कांताबाई एकट्याच बहिणीकडं, दैवशालाकडं गेल्या. गाव लांब नव्हतं. जेवायच्या आधी येते म्हणाल्या होत्या. जेवणाची वेळ टळली. साहेबरावांनी फोन लावला, कुणी उचलला नाही. ते ओट्यावर आले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. मोटारसायकलची किल्ली हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. कुठल्याही स्कूटीचा आवाज आला की मान वळायची. इतकं अस्वस्थ त्यांना त्या शेडपायीही झालं नव्हतं.

ऊन कलल्यावर हेल्मेट घातलेल्या कांताबाई सावकाश वळणावरून आल्या. हँडलला मोसंबीची पिशवी लोंबत होती.

"फोन का उचलला न्हाई?"

"चालवताना उचलायचा न्हाई, असं कोणी सांगितलं?" त्यांनी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. गाडी बंद केली नाही. "कुलूप लावून या. सोमठाण्याच्या धरणावर जाऊन येऊ, पाणी अजून भरलेलं हाय म्हणे."

"जेवलीस का तू?"

"दैवशालानं वाढलं. तुम्ही?"

साहेबराव आत गेले. कुलूप सापडेना. बाहेरून हॉर्न वाजला, आणि मग पुन्हा एकदा, लांब.