एकतीस कार्डांचा रस्ता

गाडी भाड्याने घेतली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "आजोबा, या गाडीला टोलचं स्टिकर नाही. रोख द्यायचे. सगळ्यात डावीकडची रांग." मी मान डोलावली. समजलं नाही तरी मान डोलावायची, ही माझी जुनी सवय.

अर्ध्या तासाने मी टोलनाक्यावर नेमका स्टिकरवाल्यांच्या रांगेत उभा होतो. समोरचा आडवा दांडा उघडेना. मागे सहा गाड्या, सहा हॉर्न. शेवटी एक ट्रकवाला खाली उतरला, एकेका गाडीला हाताने खुणा करत मागे सरकवलं आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, आरशात बघत मागे या. घाई नाही." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचं समजुतीने बोलणंच मला लागलं.

त्या संध्याकाळी खोलीवर मी बायकोला म्हणालो, "मोठ्या रस्त्याने समुद्र दिसतच नाही. आपण आतल्या रस्त्यांनी फिरू."

"फिरू," ती म्हणाली.

दुसरा दिवस खरंच छान गेला. वाळूत अर्धे बुडालेले कुंपणाचे खांब, पालथ्या घालून रंगवायला ठेवलेल्या होड्या, एका वळणावर अचानक रस्त्याच्या पातळीत आलेला समुद्र. बायको काच खाली करून बसली होती. मी ते सगळं पाहिलं, पण प्रत्येक पाटी दिसली की आधी वेग कमी करून ती वाचायचो, पुढे टोल तर नाही ना म्हणून.

तिसरा दिवस मात्र फिरण्याचा नव्हता. त्यासाठीच आम्ही इतक्या लांब आलो होतो. बायकोचा थोरला भाऊ, दादा, जन्मभर इथल्या होड्यांच्या कारखान्यात सुतार होता. आता एक्याऐंशीचा झाला. त्याला मुलाने बेटावर कायमचं राहायला बोलावलं होतं आणि त्या दिवशी पाचच्या बोटीने तो जाणार होता. भावाबहिणीची गाठ पडून नऊ वर्षं झाली होती. मोठ्या रस्त्याने धक्का तासाभरावर. माझ्या आतल्या रस्त्याने तीन तास. अकराला निघालो तर दोनला पोचू, म्हणजे बोलायला तीन तास मिळतील, असा मी हिशोब मांडला. हिशोब कागदावर चोख होता.

आम्ही दोघंही ग्रंथालयातले. मी नोंदी करायचो, ती कार्डं खणात लावायची. एकाच खोलीत तीस वर्षं. दादा मला "हळू बोला" म्हणायचा, कारण तशी पाटी माझ्या टेबलामागे होती. तर मी रात्री बसून वळणांची कार्डं केली. एका कार्डावर एक खूण आणि एक वळण. "ओढा: ओलांडून डावीकडे." "डेअरी: उजवीकडे." एकूण एकतीस. नंबर घातले नाहीत. मध्येच नवं कार्ड घालायची वेळ आली की पुढचे सगळे नंबर चुकतात. हे मीच नव्या लोकांना शिकवत आलो.

बायको मांडीवर पिशवी घेऊन कार्डं वाचत होती. पिशवीत दादासाठी विणलेला स्वेटर. मधूनच ती तो बाहेर काढायची, बाही ताणून बघायची.

"त्याचे हात लांब होते ना हो?"

"होते."

"का मला उगीच वाटतंय?"

"पुढचं कार्ड वाच."

"वाचते. तुम्ही रस्त्याकडे बघा, माझ्याकडे नको."

बाराच्या सुमाराला समुद्राच्या भिंतीशी पाणी प्यायला थांबलो. दार उघडलं आणि वाऱ्याने कार्डं उधळली. आम्ही दोघं भिंतीलगत, चाकांखाली, गवतात वाकून वेचत फिरलो. तिने मोजली. वापरून झालेली सात मी खिशात ठेवली होती, उरलेली चोवीसच्या चोवीस सापडली. दोघांनाही फार बरं वाटलं. ती गाडीत बसून मांडीवर कार्डं सारखी करत राहिली. मी गाडी सुरू केली.

"कालवा: ओलांडून लगेच उजवीकडे," तिने वाचलं. कालवा आलाच. मग खाण आली. मग एक गॅरेज आलं. या किनाऱ्यावर प्रत्येक गावाला एक पाण्याची टाकी, एक शाळा आणि एक दवाखाना असतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. शोधलं की ते दिसायचं, आणि दिसलं की मी वळायचो. समुद्र कधी डावीकडे असायचा, कधी उजवीकडे. दोन वाजले. अडीच वाजले. मला शंका येत होती, पण मला सगळ्याचीच शंका येते, त्यामुळे या शंकेकडे मी खास लक्ष दिलं नाही.

तीननंतर बायकोने बाही ताणून बघणं सोडलं. फक्त कार्डं वाचत होती, आणि स्वेटरच्या गळ्याच्या बटणाशी तिचं बोट चाललं होतं.

मिठाच्या गोदामांपाशी एक बाई भिंतीला चुना लावत होती. आम्ही जवळून गेलो तशी तिने ब्रश बादलीत ठेवला आणि हात केला. मी थांबलो.

"तिसऱ्यांदा जाताय," ती म्हणाली. "भिंत आवडली का?"

"धक्क्यावर जायचंय. पाचची बोट," बायको म्हणाली.

"अहो, चार वाजून गेले. मग मोठ्या पुलावरूनच जा. वीस-पंचवीस मिनिटं. आतून गेलात तर उद्याची बोट मिळेल."

मी बायकोच्या हातातली कार्डं घेतली. शाळा, साखर गोदाम, सायकल दुकान. आणि वाचून झालेली, तिच्या मांडीवर ओळीने ठेवलेली: कालवा, खाण, गॅरेज, चौकी, टाकी.

"अगं," मी म्हणालो, "ही अकारविल्हे लागली आहेत."

तिने कार्डांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मी लावली?"

"दुसरं कोण लावणार?"

"मला कळलंसुद्धा नाही हो." आणि ती हसली, पण लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली. "नंबर का नाही घातले तुम्ही?"

चुना लावणारी बाई अजून उभी होती. "पुलाला टोल आहे," ती म्हणाली, "पण आता काय करता?"

मी चावी फिरवली नाही. हे लिहायला मला लाज वाटते. नऊ वर्षांनी भेटणारा भाऊ कायमचा जात होता आणि मी विचार करत होतो तो त्या दांड्याचा.

"मला तिथे जमत नाही," मी म्हणालो. "समुद्र दिसत नाही म्हणून नव्हतं ते."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्या ट्रकवाल्यापासून. मला वाटलं, एक-दोन दिवसांत जाईल तुमच्या मनातून." मग ती माझ्याकडे वळली. "आज माझा दादा जातोय. तुम्ही घाबरा, पण गाडी चालवत घाबरा."

मी चावी फिरवली आणि पूल गाठला. मी सगळ्यात डावीकडची रांग धरली, दोनदा तिला विचारून खात्री केली, आणि खिडकीपासून इतका लांब थांबलो की हात पोचेना. दार उघडलं तर ते कठड्याला अडलं. फटीतून कसाबसा बाहेर निघालो आणि नोट दिली. मागे हॉर्न सुरू झाले होते.

"माफ करा," मी खिडकीतल्या मुलीला म्हणालो.

"रोज दहा जण असेच उतरतात," ती म्हणाली. तिने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. दांडा वर गेला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पाचला एकोणीस मिनिटं होती. बोटीचं फाटक दहा मिनिटं आधी बंद होतं, असं लिहिलेलं होतं. म्हणजे नऊ मिनिटं. बायको गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. दादा फाटकाशी दोन बॅगांच्या मध्ये उभा होता, मला वाटला होता त्याहून बुटका. मला गाडी दोन पांढऱ्या रेघांत बसवायला वेळ लागला. जाऊन बघतो तर ती त्याच्या अंगात स्वेटर घालत होती आणि तो लहान मुलासारखे हात वर करून उभा होता.

"आले का, 'हळू बोला'," दादा म्हणाला. "ही म्हणते, टोल भरून आलात."

"उशीर झाला. चूक माझी."

"माझीही आहे," बायको म्हणाली. "त्याला कार्डांचं सांगा ना."

मी सांगू लागलो, पण गोदामांपर्यंत आलो तोच भोंगा वाजला. बाकीचं राहिलं. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, एक बॅग उचलली, दुसरी खलाशाने उचलली. फाटक बंद झालं. बाह्या त्याला लांब होत होत्या. त्यातून फक्त बोटांची टोकं दिसत होती.

गाडीत येऊन ती रिकामी पिशवी घडी घालत बसली. मला म्हणायचं होतं की तीन तास मी घालवले. ते तिला माहीत होतं, आणि मी बोललो असतो तर तिलाच माझी समजूत घालावी लागली असती.

"पुलावरून बोट दिसेल का हो?" तिने विचारलं.

"खाडीतून बाहेर पडताना दिसेल. लगेच निघायला हवं."

यावेळी मी खिडकीच्या इतक्या जवळ गेलो की आरसा घासला. नोट दिली, दांडा उठला. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा बोट खाली डाव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी होती, आणि तिच्या मागच्या कठड्याशी माणसं उभी होती. त्यातला दादा कोणता हे सांगता येत नव्हतं. बायकोने काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

पुलावर थांबायला बंदी होती. मी गाडी नेता येईल तितकी हळू नेली. मागे हॉर्न वाजू लागले. मी ते वाजू दिले.